पारसनीसचा टॅग

"सारंग, हे काय आहे?"

"नीरफणस, साहेब."

"ते मलाही दिसतंय. माझ्या जहाजावर ते काय करतायत, असं विचारतोय मी."

माझ्या जहाजावर म्हणे! बॅग घेऊन चढून चार महिने झाले नव्हते या माणसाला. मी त्याच जहाजावर सात वर्षं सारंग होतो, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. दोर, नांगर, क्रेन, प्रवाशांना किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी बोटी, सगळं माझ्या हाताखालचं. पण तो चीफ ऑफिसर, कॅप्टनच्या खालोखालचा. नाव निरंजन पारसनीस. पुण्याचा, तेहतीस वर्षांचा, आणि त्या घामट हवेतसुद्धा शर्टाची इस्त्री मोडू न देणारा.

"गावातल्या एका म्हातारीनं दिलेत," मी म्हटलं. "आमच्याकडं वेलदूरला परसात झाड आहे, असं मी तिला खुणेनं सांगितलं. तिला इतकं बरं वाटलं की चार काढून हातात ठेवले."

"आणि परवा आपण सखल बेटांवर जाणार. डोंगरी बेटांवरचं फळ तिकडं न्यायचं नाही, कीड जाते, हा नियम तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. म्हणून तर आजच कापं करून संपवणार होतो. आचाऱ्याशी बोललोय मी. तेल तापत ठेवलंय त्यानं."

त्यानं पहिला नीरफणस उचलला, कठड्यापाशी गेला आणि समुद्रात टाकला. मग दुसरा. मग तिसरा. वरच्या डेकवर प्रवासी हातात सरबताचे पेले घेऊन उभे होते, ते बघत राहिले. चौथा टाकून त्यानं हात झटकले आणि मला म्हणाला, "जहाज आहे हे. वेलदूरचा बाजार नव्हे." मग वर बघून, हसून, इंग्रजीत त्यानं प्रवाशांना नियम समजावून सांगितला. एका बाईनं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अख्ख्या जहाजावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच, आणि ती मराठी वापरायची कशाला, तर बाकीच्यांना न कळता अपमान करायला. बरं, नियमानं तो चुकीचा नव्हता, हीच तर मेख. चुकीचा असता तर मी कॅप्टनकडे गेलो असतो.

"आणि अजून एक," तो जाता जाता म्हणाला. "हा करार संपला की तुम्ही घरी बसा. मी रिपोर्टात तसं लिहिणार आहे. सारंग उद्धट आहे, शिस्त मोडतो, नव्या पद्धती शिकत नाही."

"मी उद्धट?"

"बघा. झालंच सुरू."

सत्तेचाळिसाव्या वर्षी सारंगाला नवं जहाज कोण देतो हो? पंचविशीतले पोरगे रांगा लावून उभे असतात. मी सोळाव्या वर्षी गलबतावर चढलो. जमिनीवर मला काय येतं? काहीही नाही. घरी चार महिने राहिलो तरी बायको म्हणते, जा बाबा एकदाचा, पायात पाय येतोय तुझा. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. रिपोर्ट जाण्याआधी हा माणूस जहाजावरून जायला हवा.

जहाज छोटं होतं. सत्तर प्रवासी, पस्तीस आम्ही. नाव सांगत नाही, मालक अजून आहे. पॅसिफिकच्या मधोमध आम्ही दोन प्रकारच्या बेटांमध्ये येरझारा घालायचो. आधी मार्केसास. तिथं समुद्रातून सरळ काळे कडे उठतात, शेंड्यांवर ढग बसलेले, दऱ्यांतून धबधबे, आणि झाडांना मरणाची फळं. मग दोन दिवस नुसतं पाणी. आणि मग तुआमोटू. तिथं डोंगर औषधालाही नाही. प्रवाळाचं एक भलंमोठं कडं, त्याच्या आत निळं तळं, आणि कड्यावर इथंतिथं वाळूची पट्टी नि माड. तीन कोसांवरून बघितलं तर माड पाण्यात उभे आहेत असं वाटतं. गोडं पाणी नाही, माती नाही, लपायला जागा नाही. मोठी लाट आली तर एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरायची. पारसनीसला ही बेटं फार आवडायची. सपाट, स्वच्छ, नियमात बसणारी.

आता टॅगचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जहाजाच्या शिडीपाशी एक लाकडी बोर्ड होता. त्याच्यावर प्रत्येक माणसाच्या नावाची गोल चकती टांगलेली, एक बाजू पांढरी, एक लाल. उतरताना लाल करायची, चढलात की पांढरी करायची. प्रवासी असो, आचारी असो, कॅप्टन असो. सगळा बोर्ड पांढरा दिसला की जहाज निघायचं. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा: दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही. नवऱ्यानं बायकोचा फिरवायचा नाही, आईनं मुलाचा फिरवायचा नाही.

हा नियम पारसनीसच दर सोमवारी सगळ्यांना घसा फोडून सांगायचा. आणि स्वतः चढला की तडक वर. टॅग लाल तो लाल.

पहिल्याच दिवशी तो विसरला. मी शिडीपाशी उभा होतो. नवा साहेब, वर कॅप्टन खोळंबलेला. मी हळूच फिरवला. त्यानं जिन्यावरून वळून बघितलं. मी फिरवताना त्यानं मला बघितलं, आणि काहीही न बोलता वर गेला. झालं! तेव्हापासून ते माझं कामच होऊन बसलं. रोज तो लाल ठेवून जायचा, रोज मी मनात दोन शिव्या हासडून पांढरा करायचो. देवळात गेलेल्या साहेबाची चप्पल हाताखालच्या माणसानं सरळ करून ठेवावी ना, तसं. साहेब सांगत नाही, आपण विचारत नाही, आणि दोघांनाही ते ठाऊक असतं.

दुसरी बोट चालवायचा टेवा, ताहितीचा. त्यानं एकदा विचारलंसुद्धा, "तू त्याचा टॅग का फिरवतोस? तो तुझा बाप आहे का?"

"आमच्याकडं असंच असतं," मी म्हटलं.

"आमच्याकडं बापाचाही फिरवत नाहीत," टेवा म्हणाला.

नीरफणसांच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तुआमोटूच्या एका निर्मनुष्य पट्टीवर प्रवासी उतरवले. नकाशात तिला काही नाव असेल, आम्ही सात माड म्हणायचो. मैलभर लांब, रुंदी जेमतेम शंभर पावलं, आणि उंची? सर्वात उंच जागी उभे राहिलात तरी भरतीच्या रेषेपासून तुमच्या कमरेएवढी. तिथं नांगराला तळ लागत नाही, म्हणून जहाज बाहेर मोकळं तरंगत राहायचं. बोटी प्रवाळाच्या कड्यातल्या एका फटीतून आत यायच्या. त्या फटीला आम्ही दार म्हणायचो.

पाऊणच्या सुमाराला कॅप्टन लुंडचा आवाज आला. म्हातारा डेन्मार्कचा, कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "सगळे परत. दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतायत, अंदाजापेक्षा लवकर. दीडला मला निघायचंय." एवढं बोलून झालं आणि माझ्या कमरेचा वॉकीटॉकी चिरकून मेला.

पारसनीस शेजारीच उभा होता. "चार्ज केला नाहीत?"

"केला होता. बॅटरी जुनी आहे. दोनदा लिहून दिलंय तुम्हाला."

"प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार!" त्यानं स्वतःच्या पट्ट्याचा रेडिओ काढून माझ्या छातीवर आपटला. "घ्या माझा. बोट तुम्ही चालवणार, तुमच्याकडं हवा. आणि जहाजावर पोचल्यावर पहिल्यांदा मला परत करायचा. पहिल्यांदा! नाहीतर हाही मारून ठेवाल."

"बॅटरी मी मारत नाही, साहेब."

"पुरे. किती जण कमी आहेत?"

दोघं कमी होते, जर्मन नवराबायको. शिंपले वेचत पार टोकाला गेलेले. "मी आणतो त्यांना," तो म्हणाला. "तुम्ही बाकीच्यांना भरा. ते तरी जमेल ना?" आणि समुद्राच्या बाजूनं तो ताडताड निघाला.

दहा मिनिटं झाली नाहीत तोच ते जर्मन दांपत्य आतल्या तळ्याच्या बाजूनं डुलत डुलत हजर! पिशवीभर शिंपले. मधल्या झुडपांमुळं पारसनीस नि ते एकमेकांना दिसलेच नव्हते. मी त्यांना बोटीत घेतलं आणि निघालो. टेवाची बोट अजून वाळूवर होती, त्याच्याकडे शेवटचे सहा जण. वाटलं, साहेब मागून टेवाबरोबर येईल. टेवाला वाटलं, साहेब जर्मन माणसांना आणायला गेला, ते माझ्या बोटीत दिसले, म्हणजे साहेबही माझ्याच बोटीत. दारात पाणी आधीच उसळायला लागलं होतं. मागं वळून बघायला फुरसत कुणाला!

जहाजावर एकच धांदल. लोकांना वर घ्या, बोटी क्रेननं उचला, जहाज हेलकावे खातंय. सगळे टॅग फिरले. एकच लाल राहिला. मी फिरवला. वरून कॅप्टननं फोन केला, "सारंग, बोर्ड?"

"सगळा पांढरा, सर."

जहाज निघालं तेव्हा एक चाळीस झाले होते.

तीन वाजता हॉलमध्ये प्रवासी जमले. पुढच्या बेटाची माहिती पारसनीस द्यायचा, रोजचा शिरस्ता. तीन पाच झाले, तीन दहा झाले. केबिनमध्ये बघितलं, नाही. इंजिनात, स्वयंपाकघरात, दवाखान्यात, कुठं म्हणजे कुठं नाही. सव्वातीनला भोंग्यावरून नाव पुकारलं. साडेतीनला मला वर ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत, बोलावलं. कॅप्टन नकाशाच्या टेबलाशी ओणवा होता, चेहरा पांढराफटक.

"तो पाण्यात पडलाय," म्हणाला. "एक चाळीसला जहाजावर होता, आता नाही. म्हणजे मधल्या वीस मैलांत कुठंतरी. जहाज वळवतो. सावकाश जायचं, अर्ध्या वेगानं, दोन्ही बाजूंना माणसं उभी कर. पाण्याचा इंच न् इंच बघायचा. सूर्य मावळायला अडीच तास आहेत."

अर्ध्या वेगानं. वीस मैल अर्ध्या वेगानं म्हणजे सात माडांपाशी पोचायला अंधार. आणि खिडकीतून दक्षिणेच्या लाटा दिसत होत्या. फेस नव्हता त्यांना, नुसत्या लांबच लांब, एकामागून एक येत होत्या. त्या सगळ्या तिकडंच निघालेल्या.

"सर," मी म्हटलं. "तो पाण्यात नाही. बेटावर आहे."

"बोर्ड पांढरा होता. तूच सांगितलंस."

"त्याचा टॅग मी फिरवला."

कॅप्टन माझ्याकडे बघतच राहिला. ब्रिजवर दुसरे दोघं होते, तेही हातातलं काम सोडून वळले.

"तू? त्याचा टॅग तू का फिरवलास?"

"रोज फिरवतो. तो आल्यापासून. तो विसरतो, मी फिरवतो. आजही सवयीनं..."

"बेटावर असेल तर त्यानं रेडिओवरून हाक का मारली नाही? निदान पहिला अर्धा तास तरी आपल्याला ऐकू आलं असतं!"

मी कमरेचा रेडिओ काढला आणि नकाशावर ठेवला. त्याच्यावर पांढऱ्या पट्टीवर त्याचं नाव लिहिलेलं होतं, त्याच्याच नीटस अक्षरात.

कॅप्टननं ते नाव वाचलं. मला वाटलं, आता विचारणार. पण त्यानं सुकाण्यावरच्या माणसाला फक्त म्हटलं, "वळव. पूर्ण वेग."

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. सात माडांच्या जागी काय दिसलं सांगू? पाण्यात माड. पट्टी नव्हतीच. लाट बाहेरच्या कड्यावर फुटायची आणि तिचं पाणी वाळूवरून सरळ आतल्या तळ्यात वाहत जायचं. तळं काठोकाठ भरलं होतं आणि ते सगळं पाणी त्या एका दारातून बाहेर पडत होतं. दारात पाणी उभंच्या उभं राहत होतं.

"बोट जाणार नाही," कॅप्टन म्हणाला. "सकाळपर्यंत..."

"सकाळपर्यंत माणूस राहणार नाही, सर. मी सोडून आलोय, मीच आणतो."

"मी नाही म्हणालो तर?"

"तर मी हुकूम मोडीन. तसंही मी उद्धट आहे, रिपोर्टात येणारच आहे."

टेवा न विचारता बोटीत येऊन बसला. म्हटलं, "तू का मरतोयस?" तर म्हणाला, "तुला दार दिसत नाही, मला दिसतं. पुढं बघ नि मी सांगेन तसं कर." मेला खरं बोलत होता. दाराशी तीनदा आम्ही मागं फेकले गेलो. तिसऱ्या वेळी बोट इतकी उभी झाली की टेवा माझ्या अंगावर येऊन पडला. चौथ्यांदा टेवा ओरडला, "आता!" आणि मी इंजिनाचा जीव काढला. कसे आत शिरलो, देव जाणे. आत पाणी शांत होतं, पण बोटीत घोटाभर साचलेलं.

पारसनीस तिसऱ्या माडाला होता. पट्टा काढून त्यानं स्वतःला बुंध्याला बांधून घेतलं होतं, छातीपाशी. पाणी मांड्यांपर्यंत. लाट आली की पोटापर्यंत चढायचं. डावा पाय प्रवाळावर चिरलेला, पाणी त्याच्याभोवती लालसर झालेलं. शर्टाची एक बाही फाटून लोंबत होती. बोट टेवाच्या हवाली करून मी पाण्यात उतरलो आणि त्याच्यापर्यंत गेलो.

"साहेब!"

तो मला बघत राहिला. ओठ निळे पडले होते. वाचलो, देवा, आलात, असलं काही नाही. म्हणाला, "टॅग कुणी फिरवला?"

साडेतीन तास त्यानं दुसरा विचारच केला नसणार. जहाज निघून जाताना त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. बोर्ड पांढरा असल्याशिवाय जहाज निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"मी," मी म्हटलं. "पट्टा सोडा, लाट येतेय."

"माझा रेडिओ द्या."

"साहेब, आधी पट्टा..."

"रेडिओ द्या माझा!"

"कॅप्टनच्या टेबलावर आहे."

लाट आली. आम्ही दोघांनी एकाच बुंध्याला मिठी मारली. ती ओसरली तेव्हा त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं.

"म्हणजे तुमच्या कमरेला होता," तो म्हणाला. "टॅग फिरवताना माझा रेडिओ तुमच्या कमरेला होता. मी चढलो असतो तर पहिल्यांदा काय मागितलं असतं?"

"रेडिओ."

"मग तुला ठाऊक होतं." चार महिन्यांत पहिल्यांदा तो मला अरेतुरे बोलला. "मी चढलेलो नाही, हे तुला ठाऊक होतं."

इतकी वर्षं मी विचारणाऱ्याला सवय म्हणून सांगत आलोय. कॅप्टनला तेच सांगितलं. सवय कसली! बोर्डापुढं उभा होतो. एक टॅग लाल. हात कमरेला गेला, रेडिओ लागला. माझ्या मनात स्वच्छ आलं: हा मेला खालीच राहिलाय. आणि पाठोपाठ दुसरं आलं: राहू दे. दहा मिनिटांत सगळ्यांना कळेल, जहाज वळवायला लागेल, सत्तर प्रवाशांसमोर टॅगचा नियम शिकवणारा साहेब स्वतः बेटावर सापडेल, कॅप्टन त्याला फाडून खाईल. मग बघू कोण कुणाचा रिपोर्ट लिहितो. म्हणून फिरवला. मारायचं नव्हतं हो मला त्याला! अब्रू घालवायची होती. पण दहा मिनिटांत कुणाला काही कळलं नाही. वीस मिनिटं झाली. मी खालच्या कोठीत दोर विणत बसलो, रेडिओ पुढ्यात ठेवून. अर्धा तास झाला. आता सांगायचं तर, अर्धा तास का गप्प होतास, याचं उत्तर द्यावं लागणार. तास झाला. जितका उशीर होत गेला तितकं तोंड बंद होत गेलं.

"हो," मी त्याला म्हटलं. "ठाऊक होतं."

त्यानं उजवा हात मोकळा केला आणि माझ्या थोबाडीत मारली. त्या थंडगार हातात जोर नव्हता, पण लागली. मी परत मारली नाही. त्याचा पट्टा सोडला, त्याला खांद्यावर घातलं आणि बोटीत आणून टाकलं. टेवानं सगळं बघितलं होतं. मराठी त्याला कळत नव्हती, पण थोबाडीत कुठल्याही भाषेत कळते. तो इंजिन सांभाळत राहिला.

बाहेर पडणं आत शिरण्यापेक्षा सोपं गेलं. पाण्यानंच आम्हाला थुंकून टाकलं.

दोन दिवसांनी आम्ही विमानतळ असलेल्या एका बेटाशी आलो. मधल्या काळात चौकशी झाली होती. कॅप्टननं पारसनीसचा जबाब घेतला, मग माझा. मी सवयीचं गाऱ्हाणं पुन्हा गायलं. म्हटलं, त्यानं सगळं सांगितलंच असेल, नोकरी तर गेली, कदाचित तुरुंगही. पण कॅप्टननं माझ्यापुढं त्याचा जबाब ठेवला. एका पानाचा, सुरेख अक्षरात. त्यात लिहिलं होतं: माझा टॅग फिरवण्याची सारंगला मी मूक परवानगी दिली होती. बोर्डाच्या नियमाची जबाबदारी माझी होती आणि मीच तो मोडला. रेडिओ मी घाईत सारंगला दिला व तो परत घेण्याचं राहून गेलं. यात सारंगचा दोष नाही. खाली सही.

"खरं आहे हे?" कॅप्टननं विचारलं.

मी मान डोलावली.

कंपनीनं पारसनीसला घरी पाठवायचं ठरवलं. ज्या अधिकाऱ्याच्या हाती बोर्ड, त्यानंच नियम मोडला, म्हटल्यावर दुसरं काय होणार? धक्क्यापर्यंत त्याला सोडायला बोट मीच घेतली. पायाला बँडेज, काखेत कुबडी, शर्ट इस्त्रीचा. बोटीत आम्ही दोघेच. निम्म्या वाटेवर माझ्यानं राहवलं नाही.

"साहेब, का केलंत असं? खरं का नाही लिहिलंत?"

"उपकार केले असं समजू नकोस."

"नाही समजत. पण का?"

तो धक्क्याकडं बघत बोलला, माझ्याकडं नाही. "माझी अर्धी चूक होती, ती मी लिहिली. तुझी अर्धी मी नाही लिहिली. लिहिली असती तर तुला शिक्षा झाली असती. नोकरी गेली असती, दोन-चार वर्षं आत बसला असतास, मग घरी येऊन म्हणाला असतास, केलं, भोगलं, फिटलं." मग त्यानं मान वळवली. "मला ते फिटायला नकोय."

बोट धक्क्याला लागली. मी हात पुढं केला. पायऱ्यांना शेवाळ होतं आणि त्याचा एक पाय निकामी. त्यानं माझा हात घेतला नाही. कुबडी पहिल्या पायरीवर टेकवली, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा चढला आणि निघून गेला. पुन्हा मला तो कधीच भेटला नाही.

मी त्या जहाजावर आणखी नऊ वर्षं काढली. मला हवं होतं ते सगळं मिळालं की! पारसनीस गेला, मी राहिलो. शिवाय कंपनीनं एक पत्र दिलं, सोनेरी कडेचं, मालकाच्या सहीचं. खवळलेल्या समुद्रात स्वतःचा जीव धोक्यात घालून सहकाऱ्याचे प्राण वाचवल्याबद्दल. माझ्या मुलानं ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय, दाराच्या अगदी समोर. शाळेतल्या पोरांना घेऊन मास्तर एकदा मुद्दाम दाखवायला आले होते. नातू तर येईल त्याला वाचून दाखवतो, मोठ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत. लोक ऐकतात, माझ्याकडं वळतात आणि नमस्कार करतात.

भिंत रंगवायच्या निमित्तानं दोनदा मी ते खाली उतरवलं. दोनदा मुलानं परत लावलं. नको लावूस, असं त्याला सांगता येत नाही. का, म्हणून विचारेल.